अजिंठ्याचा पिवळेपणा

भित्तिचित्रांची अजिंठ्याची लेणी निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानात होती. छायाचित्रातला रंग खरा कसा उतरवायचा, हा प्रश्न तिथे दीर्घकाळ हाताळला गेला.

चित्रकार रॉबर्ट गिल यांनी तेलरंगात केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात नव्या प्रती केल्या. चित्रं उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढलं. 1920 नंतर आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. कालांतराने हे थर पिवळे पडले.

पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 दरम्यान छायाचित्रांवर आधारलेल्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाचे चार भाग प्रसिद्ध केले. पण रंगीत फिल्म ठरावीक प्रकाशासाठीच बनते, आणि प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात: दिवसाची फिल्म सुमारे 5500 केल्विनला, दिव्याची 3200 ला. दिवसाची फिल्म बल्बखाली वापरली, की सगळं नारिंगी!

छायाचित्रकार बेनॉय बहल यांनी 1991 पासून लेण्यांतल्या मंद उजेडातच चित्रं टिपली.

डिजिटल कॅमेऱ्यात केल्विन हवा तसा बदलता येतो. मात्र प्रकाशाची छटा काढता आली, तरी भिंतीवरच्या लाखेचा पिवळेपणा हा चित्राचाच भाग. तो काढायला रसायनतज्ज्ञच लागतो.