सुरांची वंशावळ

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जी अनेक कामे हाती घेण्यात आली, त्यांतील एका कामाचा गाजावाजा कोठेच झाला नाही. ग्रंथालयातील लोखंडी कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या वरच्या खणात, सभासदांनी वर्षानुवर्षे दिलेल्या संगीताच्या सीडी साठल्या होत्या. पुण्यामुंबईहून परतताना कोणी नाट्यसंगीत आणले, कोणी अभंग, कोणी ख्यालगायन. या साऱ्या तबकड्या संगणकात उतरवून घ्याव्यात आणि हवे ते गाणे हव्या त्या वेळी सापडेल अशी त्यांची व्यवस्था लावावी, असे ठरले. काम वरकरणी यांत्रिक होते. परंतु पहिलीच तबकडी यंत्रात सरकवली, तेव्हा पडद्यावर अक्षरे उमटली ती अशी : ‘अज्ञात कलावंत, अज्ञात संग्रह, गीत क्रमांक १’. आणि खोलीत आवाज घुमू लागला तो मोगूबाई कुर्डीकरांचा! तेथे बसलेल्या ज्येष्ठांनी तो क्षणार्धात ओळखला. यंत्राने ओळखला नाही. जयपुरातच जन्मलेला आणि वाढलेला आमचा तरुण साहाय्यकही तो ओळखू शकला नाही. त्या क्षणी मनात जो विचार आला, तोच या लेखाचा विषय आहे.

दोष यंत्राचा नव्हता आणि त्या तरुणाचा तर मुळीच नव्हता. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर केवळ ध्वनी साठवावा एवढीच योजना होती. गायकाचे, रागाचे, कवीचे नाव छापले जाई ते वेष्टनातील कागदावर. तबकडीच्या पोटात गाण्यांची संख्या आणि प्रत्येकाची लांबी याखेरीज काहीही नसे. नावे कोरण्याची सोय १९९६ साली निघाली खरी, पण फारच थोड्या तबकड्यांनी तिचा लाभ घेतला. म्हणून संगणक गाण्यांच्या लांबीवरून अंदाज बांधतो आणि दूरवरच्या एखाद्या सूचीत तशीच तबकडी शोधतो. अंदाज चुकला की गंमत होते. आमच्याकडील एका नाट्यसंगीताच्या तबकडीला त्याने कुणा परदेशी वाद्यवृंदाचे नाव बहाल केले! तात्पर्य, वेष्टन हरवले की गाणे अनाथ झाले. आणि आमच्या कपाटातील कित्येक तबकड्या बिनवेष्टनाच्या होत्या.

गुणिजनांची नावे लिहून ठेवण्याची परंपरा या जयपूर नगरीला मात्र नवी नाही. येथील संस्थानात छत्तीस कारखाने होते. त्यांपैकी ‘गुणीजनखाना’ हा गवयी, वादक आणि नर्तक यांचा. कोण नोकरीस आहे, वेतन काय, याची नोंद दरबारी कागदांत होत असे. महाराजा सवाई प्रतापसिंह यांनी १७७८ ते १८०३ या काळात राज्य केले. त्यांच्या आश्रयाखाली ‘संगीतसार’ हा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. हा जयपूरचा ग्रंथ छापून लोकांपुढे आणला तो मात्र पुण्याने. १८७४ साली स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाने १९१० ते १९१२ या अवधीत तो प्रसिद्ध केला. पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अलीखाँ आणि त्यांचे पुत्र आशकअली व अहमदअली यांच्याकडून पुष्कळ बंदिशी मिळवल्या. मिळालेली प्रत्येक चीज राग, ताल आणि स्वरलिपी यांसह नोंदवण्याचा भातखंड्यांचा शिरस्ता होता. गळ्यातच राहिलेली विद्या गळ्याबरोबर जाते, ही त्यांची चिंता. आज आपण संगणकात ‘राग’, ‘ताल’, ‘गायक’ अशा चौकटी भरतो, तेव्हा त्यांच्याच मार्गावरून चार पावले चालत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही नावाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर शहरी. तेथील कारागिरांना हिंदी गाणे कळणार कसे? म्हणून गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारी. आज त्या घोषणेची मौज वाटते. परंतु नावाची नोंद प्रत्यक्ष आवाजातच गुंफण्याची ती युक्ती कोणत्याही कागदी वेष्टनापेक्षा टिकाऊ ठरली, हे विसरून चालणार नाही.

जेथे अशी काळजी घेतली गेली नाही, तेथे काय झाले याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातील सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव! गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. आणि त्या गीताचे संगीतकार खेमचंद प्रकाश हे आपल्या याच राजस्थानातील सुजानगडचे. राजस्थानी चाल आणि मराठी कंठ यांचा तो अपूर्व संगम. पण केवळ छापील कागदावर विसंबून नोंद केली, तर त्यातील मराठी कंठ कायमचा नाहीसा होतो. उलट बाजूने पाहावे तर ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ इत्यादी मराठी चित्रपटांना संगीत देणारे ‘आनंदघन’ म्हणजेही लताबाईच. तेव्हा आम्ही पहिला नियम केला : तबकडीवर छापलेले नाव जसेच्या तसे ठेवावे, ते खोडू नये, परंतु खरे नाव स्वतंत्र चौकटीत अवश्य लिहावे.

नियम करणे सोपे, पाळणे कठीण. संगणकाच्या फाईलला चिकटवलेल्या या नावनिशीला ‘टॅग’ म्हणतात. १९९६ साली एमपीथ्री फाईलसाठी निघालेला पहिला टॅग अवघा १२८ बाइटांचा होता. गीताला ३० अक्षरे, कलावंताला ३०, संग्रहाला ३०, तीही रोमन. संगीतप्रकारांची ठरीव यादी ८० नावांची. तीत ना ख्याल, ना नाट्यपद, ना अभंग. पुढे ही बंधने सैल झाली आणि आता देवनागरीत हवे तेवढे लिहिता येते. तरी चौकटींचा मूळ आराखडा पाश्चात्त्य गीतांच्या मापानेच बेतलेला राहिला. त्यात आपले संगीत बसवताना दमछाक होते.

गंधर्वांचेच पाहा. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामचंद्र कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. हे चौघे एका कुटुंबातील नव्हेत. परंतु शेवटचा शब्द आडनाव समजून क्रम लावणाऱ्या यंत्राने त्यांना सख्ख्या भावंडांप्रमाणे एका घरात नांदवले! ‘सवाई’ या शब्दाचा मान जयपूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. पण यंत्राला तो कोण समजावणार? तेव्हा लोकमान्य नाव आधी आणि मूळ नाव नंतर, असा दुसरा नियम झाला. रागनामांचीही तीच कथा. एका तबकडीवर मालकंस, दुसरीवर मालकौंस. रोमन लिपीत तर एकाच तोडीची चार रूपे. एक रूप निश्चित केले नाही, तर शोधणाऱ्यास निम्मीच गाणी सापडतात.

सालाचा घोळ याहून मोठा. वेष्टनावर छापलेले वर्ष बहुधा सीडी निघाल्याचे असते, गाणे गायिल्याचे नव्हे. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले. त्यांच्या गाण्यापुढे एकोणीसशे नव्वदनंतरचे साल पाहून नातवंडांनी काय समजावे? ‘गीतरामायणा’त ही अडचण दुहेरी होते. गदिमांची ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झाली, तेव्हा ती निरनिराळ्या गायकगायिकांनी गायिली होती. पुढे घराघरांत पोहोचलेल्या तबकड्यांत सुधीर फडके यांचा स्वर आहे. शब्द तेच, चाल तीच, पण गायन वेगळे आणि काळही वेगळा. म्हणून रचनेचे साल, मुद्रणाचे साल आणि सीडीचे साल अशा तीन चौकटी आम्ही केल्या. ज्याचे साल खात्रीने ठाऊक नाही, त्याची चौकट कोरी ठेवली. चुकीच्या नोंदीपेक्षा कोरी चौकट बरी. कारण कोरी जागा पुढच्या माणसाला प्रश्न विचारते, चुकीची नोंद त्याला निश्चिंत करते.

आणखी एक चौकट आम्ही स्वतः होऊन वाढवली, ती गुरुपरंपरेची. त्याचे कारण ज्या शहरात आपण राहतो, त्याच्या नावातच आहे. येथील शेजारी कौतुकाने विचारतात, “जयपूर घराणे आमचे; मग त्यात इतके मराठी गवयी कसे?” या प्रश्नाचे उत्तर उस्ताद अल्लादियाखाँ. त्यांचा जन्म १८५५ चा, जयपूर संस्थानच्या मुलखातील उणियारा येथला. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरी आले आणि नंतर मुंबईस राहिले. तेथेच १९४६ साली त्यांचे देहावसान झाले. घराण्याला नाव मिळाले राजस्थानच्या राजधानीचे, पण त्याचा वृक्ष फोफावला पंचगंगेच्या काठी. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्यांची शिष्यमंडळी. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांच्या पुत्रांचे, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांचे शिष्य. आणि किशोरी आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या व शिष्या. एवढ्या मोठ्या परंपरेचा हा मूळपुरुष, परंतु त्यांचा स्वतःचा आवाज एकाही तबकडीवर मिळत नाही. तो ऐकायचा तो शिष्यांच्या गळ्यातून. मग ‘गायक’ या एकाच चौकटीत इतिहास कसा मावणार? त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकास गेल्यावर तीर्थोपाध्याय जुनी वही उघडून पणजोबांचे नाव वाचून दाखवतात, तेव्हा अंगावर जसा काटा येतो, तसाच या चौकटीतील नावे एकाखाली एक वाचताना येतो.

काम अद्याप चालू आहे. प्रत्येक सीडी ध्वनीचा कणही न गाळणाऱ्या फ्लॅक स्वरूपात उतरवली जाते, वेष्टनाची दोन्ही अंगांनी छायाचित्रे घेतली जातात, आणि संग्रहाची एक प्रत कार्यालयात तर दुसरी अन्यत्र ठेवली जाते. घरी कोरलेल्या तबकड्यांना अग्रक्रम दिला आहे. कारखान्यात छापलेल्या तबकड्यांच्या मानाने त्या लवकर बिघडतात, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

केसरबाई केरकरांच्या भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. पृथ्वीवरील संगीताचे जे २७ नमुने तीत निवडले गेले, त्यांत भारताचा हा एकच. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात ती याने निघाली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज तो स्वर सूर्यमालेच्या ग्रहांना मागे टाकून गेला आहे. आणि तो कोणाचा, हे पृथ्वीवर नावानिशी नोंदलेले आहे.

आणि आपल्या कपाटात? तेथे घरी कोरलेली एक सीडी मिळाली. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. तीवर पेनाने केवळ ‘गणेशोत्सव’ एवढेच लिहिले आहे. साल नाही, नाव नाही. एक स्त्री ‘स्वयंवर’ नाटकातील पद गात आहे. साथीला पेटी, मागे लहान मुलांचा गलका. आम्ही चौकटी भरावयास घेतल्या. नाटक ‘स्वयंवर’, साल १९१६. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे. संगीत भास्करबुवा बखले यांचे. भास्करबुवांच्या गुरूंपैकी एक अल्लादियाखाँ, जन्मस्थान उणियारा. म्हणजे जी विद्या या मुलखातून एकेकाळी दक्षिणेस गेली, तीच आपल्या गणपतीपुढे एका मराठी भगिनीच्या मुखाने जयपुरास परत आली होती! साऱ्या चौकटी भरल्या; ‘गायिका’ ही तेवढी कोरी राहिली.

ज्येष्ठ सभासदांना विनंती की त्यांनी एखाद्या रविवारी सवडीने यावे आणि तो आवाज ऐकावा. आपली आई, मावशी, शेजारच्या वहिनी, कोणी ओळखीच्या वाटल्यास नाव सांगावे. ती चौकट आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.