घर एक, बिऱ्हाडे दोन

संगणकाचा इतिहास सांगताना वेगाचे व स्मृतीचे आकडे पुष्कळ दिले जातात. परंतु यंत्र जागे होते त्या क्षणी पहिला अधिकार कोणाचा, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदविण्याचा, म्हणजे ज्याला 'ड्युअल बूट' म्हणतात त्याचा, सारा इतिहास याच प्रश्नाभोवती घडला आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्यासाठी डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन प्रणालींची नावे पुढे आली होती. त्या काळी फ्लॉपी बदलली की धनी बदलत असे. तंट्याला कारणच नव्हते. १९८३ साली 'एक्सटी' या नमुन्याबरोबर हार्ड डिस्क आली आणि एका घरात अनेक बिऱ्हाडांचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी डिस्कच्या आरंभीचा ५१२ बाइटांचा कप्पा योजण्यात आला. त्यातील ६४ बाइटांत चार विभागांची नोंद, २ बाइटांत खूण, आणि उरलेल्या ४४६ बाइटांत कोणत्या विभागाला पाचारण करावयाचे हे ठरविणारी आज्ञावली असे. अनेकांची सोय मूळ आराखड्यातच होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि उंबरठा एकच होता, आणि मागाहून येणारा पूर्वीच्याची आज्ञावली पुसून आपली लिही. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केल्यावर ही अडचण विशेष जाणवू लागली. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा 'लिलो' आणि १९९५ साली एरिक बोलेन यांनी आरंभिलेला 'ग्रब' हे त्यावरचे उपाय. 'कोणाला उठवू?' असे ते मालकालाच विचारीत. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा जाणत्यांचा नियम याच अनुभवातून आला.

हा प्रश्न पुढे न्यायालयातही गेला. विंडोजशेजारी बीओएस ही प्रणाली घालून संगणक विकू पाहणाऱ्या उत्पादकांना मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातील अटी आड येतात, अशी बी कंपनीची तक्रार होती. तिने २००२ साली दावा लावला. २००३ साली, दोष मान्य न करता, मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. परंतु बी कंपनीची मालमत्ता २००१ सालीच पामला विकली गेली होती. भरपाई मिळाली, पण बिऱ्हाड केव्हाच मोडले होते.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट'चा प्रसार झाला. आता आरंभीच्या आज्ञावलीवरील सही तपासली जाते, आणि अनेक लिनक्स संचांना त्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच सही घ्यावी लागली. चोरापासून रक्षण व्हावे हा हेतू योग्यच आहे. बहुतेक वैयक्तिक संगणकांवर ही तपासणी मालकाला बंदही करता येते. ती मुभा वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु विकत घेतलेल्या घराची किल्ली कोणाच्या हाती, याचा निर्णय अखेर तिच्यावरच अवलंबून आहे.