बोटांना कळलेले शंख

बाजारात ज्वारी घ्यायची तर आपण आधी मूठभर दाणे हातात घेतो. दाणा भरलाय की पोचट, हे बोटंच सांगतात. याच बोटांच्या जोरावर एक अंध मुलगा शास्त्रज्ञ झाला. आज त्याची गोष्ट.

गेरात व्हर्माय यांचा जन्म १९४६ सालचा, नेदरलँड्समधला. लहानपणीच काचबिंदू झाला आणि तीन वर्षांचे असताना दोन्ही डोळे काढावे लागले. घरच्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली. १९५५ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेलं. तिथे चौथीच्या बाईंनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले वर्गात आणले. गेरातने ते हातात घेतले. मायदेशातल्या थंड समुद्राचे शंख खरखरीत, साधे. हे मात्र गुळगुळीत, नक्षीदार. असं का? हा प्रश्न त्याने जन्मभर धरून ठेवला.

पुढे येल विद्यापीठात मुलाखत होती. न दिसता हा संशोधन कसं करणार, अशी प्राध्यापकांना शंका. त्यांनी संग्रहातला एक शंख त्याच्या हातात दिला. हा कोणता? बोटं फिरवून त्याने नाव सांगितलं. दुसरा दिला, तोही ओळखला. प्रवेश मिळाला आणि १९७१ मध्ये डॉक्टरेटही.

शंखांवरून बोट फिरवताना त्यांना सांधलेल्या चिरा लागत. खेकड्याने शंख फोडायला घेतला, पण आतला जीव वाचला आणि त्याने कवच पुन्हा भरून काढलं, त्याची ती खूण. शत्रूच्या नांग्या जिथे जास्त बळकट, तिथले शंख जाड आणि अरुंद तोंडाचे, हे त्यांनी दाखवून दिलं. हे काम एकट्याचं नव्हतं. छापील लेख त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं. पत्नी ईडिथ, त्याही शास्त्रज्ञ, यांनी ते खूप केलं. ऐकता ऐकता ते ब्रेलमध्ये टिपणं काढत.

आपल्याकडे मात्र अंध मुलीला "विज्ञान नको, प्रयोग कसे करशील?" असं सहज म्हटलं जातं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. गावात अशी मुलगी असेल तर गटाने दोन कामं करावीत: तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून द्यावं, आणि शाळेत जाताना तिच्या आईसोबत आपल्यातल्या दोघी-तिघींनी जावं.