हायडी आणि न लागलेला फोन

१७ नोव्हेंबर १९६८. रविवार. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजत आले होते. एनबीसी वाहिनीवर न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगला होता. जेट्स ३२-२९ असे पुढे होते आणि खेळ उरला होता फक्त ६५ सेकंदांचा. अशात सात वाजले. देशाच्या पूर्वेकडच्या घरांतला सामना पडद्यावरून गायब झाला आणि त्या जागी स्वित्झर्लंडचे डोंगर आले. ‘हायडी’ हा मुलांचा सिनेमा सुरू झाला होता.

तिकडे ओकलंडच्या मैदानावर रेडर्सनी अवघ्या नऊ सेकंदांच्या अंतरानं दोन टचडाऊन केले आणि सामना ४३-३२ असा फिरवला. लाखो लोकांना हे दिसलंच नाही.

‘हायडी गेम’ म्हणून हा किस्सा अमेरिकेत प्रसिद्ध आहे. तो सांगताना लोक टीव्हीवाल्यांच्या मठ्ठपणावर हसतात. पण खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

आधी वेळेचं गणित पाहू. या खेळाचं घड्याळ ६० मिनिटांचं असतं, पण पास हुकला किंवा चेंडू बाहेर गेला की ते थांबतं. म्हणून वाहिनीनं सामन्यासाठी तीन तास ठेवले होते. त्या दिवशी तेही पुरले नाहीत. पुढचे दोन तास होते ‘हायडी’चे, आणि प्रायोजक होती टायमेक्स. म्हणजे घड्याळं बनवणारी कंपनी! सिनेमा सातच्या ठोक्याला लागणार, हे ठरलेलं होतं.

प्रक्षेपणाची सूत्रं डिक क्लाइन यांच्या हातात होती. ‘सातला हायडी’ ही सूचना त्यांना आधीच मिळालेली होती. पण सामना लांबतोय हे पाहून वरिष्ठांनी विचार बदलला. सामना पूर्ण दाखवायला वाहिनीचे अध्यक्ष ज्युलियन गुडमन हेही तयार झाले. म्हणजे योग्य निर्णय झाला होता. फक्त तो क्लाइनपर्यंत पोचायचा होता.

आणि फोन लागेना. कारण त्याच वेळी प्रेक्षक एनबीसीला फोन करत होते. कुणी विचारत होतं, “सामना शेवटपर्यंत दाखवणार ना?” कुणी विचारत होतं, “हायडी वेळेवर लागणार ना?” या भडिमारानं स्विचबोर्ड कोलमडला. निकालाच्या दिवशी बोर्डाची वेबसाइट बसते, तसंच. रस्ता गर्दीनं तुंबला होता आणि ॲम्ब्युलन्सही त्याच रस्त्यावरून यायची होती.

क्लाइननी काय करावं? नवा आदेश आला नव्हता, म्हणून त्यांनी जुना पाळला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा प्रसंग चांगला ओळखीचा वाटतो. निरोप आला नाही तर प्रोग्रामनं काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. त्याला आम्ही ‘डिफॉल्ट’ म्हणतो. त्या संध्याकाळचं डिफॉल्ट होतं, ‘निरोप नाही, म्हणजे सामना बंद.’ चूक त्या माणसात शोधण्यापेक्षा या नियमात शोधायला हवी.

नंतर वाहिनीनं सिनेमा चालू असतानाच अंतिम स्कोअरची पट्टी पडद्यावर सरकवली. तीही नेमकी व्हीलचेअरवरची क्लारा चालायची धडपड करत असताना. आता हायडी बघणारेही चिडले! अखेर गुडमन यांना जाहीर माफी मागावी लागली.

पुढे दोन उपाय झाले. एक म्हणजे नियंत्रण कक्षात स्वतंत्र लाइनचा फोन बसला. त्याचं नावच पडलं ‘हायडी फोन’. प्रेक्षकांचा कितीही भडिमार झाला तरी तो मोकळा राहणार होता. दुसरा उपाय करारांत आला: निदान त्या-त्या संघाच्या प्रेक्षकांना सामना शेवटपर्यंत दाखवायचाच, मग पुढचा कार्यक्रम उशिरा लागला तरी चालेल.

नाव झालं फोनचं, पण मला दुसरा उपाय मोठा वाटतो. फोन पुन्हा कधीतरी बंद पडू शकतो. पण ‘निरोप नाही, म्हणजे सामना चालू’ असं एकदा ठरलं, की फोन लागला नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. फार तर हायडी डोंगरावर थोडी उशिरा पोचेल.