नेत्रहीन कोळ्यांचें कूळ

कोळ्यांचीं कुळें ठरवितांना डोळ्यांची संख्या व मांडणी यांस प्राणिशास्त्रज्ञ पूर्वीपासून मोठें महत्त्व देत आले आहेत. परंतु ज्या कोळ्यास डोळेच नाहींत, त्याचें कूळ कोणत्या खुणेनें ओळखावें? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील गुहांनीं उभा केला.

पोस्तोयना ही चुनखडीची प्रचंड गुहा त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होती. आज ती स्लोव्हेनियांत आहे. तेथें दिवे लावणाऱ्या लुका चेच यास १८३१ सालीं एक आंधळा भुंगेरा सांपडला व पुढील वर्षीं फर्डिनांड श्मिट यानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. या शोधानें विद्वानांचें लक्ष गुहांकडे वेधलें. श्योड्टे या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञानें १८४७ सालीं ‘स्टॅलिटा टेनारिया’ या नेत्रहीन कोळ्याचें वर्णन केलें. आज तो ज्या कुळांत गणला जातो, त्यांतील उजेडांत राहणाऱ्या कोळ्यांस बहुधा सहा डोळे असतात.

१८५४ सालीं शिनर यानें गुहेंतील प्राण्यांचे तीन वर्ग पाडले: प्रसंगवशात् आंत शिरणारे, अंधार मानवणारे पण बाहेरही आढळणारे, आणि केवळ गुहेंतच जगणारे. ही विभागणी राहणीवरून केलेली होती; तीवरून प्राण्यांचें परस्परांशीं असलेलें नातें कळत नव्हतें.

त्या नात्याचा उलगडा चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालीं केला. युरोपांतील गुहावासी प्राणी अमेरिकेंतील गुहावासीयांचे आप्त नसून, आपापल्या भूमीवरील डोळस प्राण्यांचे आप्त आहेत, असें त्यानें दाखविलें. डोळे जाण्याचें कारण मात्र त्यानें निरुपयोग हेंच मानिलें. आजचें अनुवंशशास्त्र सांगतें कीं, अंधारांत डोळ्यांतील बिघाड निवडून टाकला जात नाहीं व तो पिढ्यान् पिढ्या सांचत जातो. शिवाय निकामी इंद्रियाचा खर्च वांचणें हेंही अन्नाच्या दुष्काळांत हिताचेंच ठरतें.

याचा सर्वांत बोलका दाखला पॅसिफिक महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत मिळाला. लांडगा-कोळी जाळें न विणतां शिकार करतात, आणि त्यांच्या आठ डोळ्यांपैकीं दोन ठळक मोठे असतात. कौआई बेटावर, थंड झालेल्या लाव्हारसाच्या पोकळ्यांत, याच कुळांतील पूर्णपणें नेत्रहीन असा एक कोळी मिळाला. विलिस गर्ट्श यानें १९७३ सालीं त्यास ‘अ‍ॅडेलोकोसा अ‍ॅनॉप्स’ हें नांव दिलें. कुळाची मुख्य खूणच पुसली गेली होती. तरीही उरलेल्या शरीररचनेनें त्याचें घराणें सांगितलें. स्टॅलिटा आणि हा कोळी, दोघेही आंधळे. पण त्यांचें अंधत्व स्वतंत्रपणें आलेलें आहे. तें नात्याची नव्हे, परिस्थितीची खूण होय.

हें ज्ञान जपण्याची निकडही आहे. कौआईचा हा कोळी एका वेळीं अवघीं पंधरा ते तीस अंडीं घालतो. बाहेरील लांडगा-कोळ्यांचीं अंडीं कित्येकदां शंभरांवर जातात. बेटाच्या एका लहानशा भागांतील पोकळ्यांखेरीज तो कोठेंही आढळत नाहीं. वरील जमिनीवर इमारती वाढल्या व पाणी दूषित झालें, तर त्याचा आसरा संपेल, हें ओळखून अमेरिकन सरकारनें २००० सालीं त्याचा समावेश संकटग्रस्त जीवांच्या यादींत केला. ज्या वंशास अंधारांत असा आकार येण्यास असंख्य पिढ्या लागल्या, तो एका पिढीच्या बेपर्वाईनें नाहींसा होऊं शकतो.