चंड, महासेन, दासीपती : उज्जयिनीच्या राजाला चिकटलेली नावे

लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनमध्ये नवा वैमानिक रुजू झाला की काही दिवसांतच त्याला दुसरे नाव मिळते. ते त्याने मागितलेले नसते आणि बहुधा त्याच्या पसंतीचेही नसते. उड्डाणातील एखादी फजिती, बोलण्याची लकब, अंगकाठी किंवा आडनावाची मोडतोड एवढे भांडवल सहकाऱ्यांना पुरते. नाव आवडले नाही अशी तक्रार केली, तर ते अधिकच घट्ट बसते. ‘टॉप गन’ या १९८६ च्या चित्रपटाने ‘मॅव्हरिक’सारखी रुबाबदार नावे जगभर पोहोचवली, प्रत्यक्षात बहुतेक वैमानिकांच्या वाट्याला इतका रुबाब येत नाही. भारतीय हवाई दलातील काही नावे मात्र निव्वळ लोभातून पडली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात धारातीर्थी पडलेले परमवीर चक्र विजेते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों भेटेल त्याला ‘ब्रदर’ म्हणत, म्हणून तेच ‘ब्रदर’ झाले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेलेले शुभांशु शुक्ला ‘शक्स’ या नावाने ओळखले जातात. तेथे आडनावाची काटछाट झालेली स्पष्ट दिसते.

टोपणनाव इतरांनी द्यायचे आणि ज्याला दिले त्याने ते मुकाट्याने वागवायचे, हा प्रघात विमानांहून फार जुना आहे. प्राचीन भारतात त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण उज्जयिनीत सापडते. ज्याला असे नाव मिळाले तो कोणी नवशिका शिपाई नव्हता. अवंतीचा राजा प्रद्योत हा गौतम बुद्ध, वर्धमान महावीर आणि मगधाचा बिंबिसार यांचा समकालीन. म्हणजे काळ साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा. बौद्ध, जैन आणि संस्कृत अशा तिन्ही परंपरांनी त्याची आठवण ठेवली. मात्र प्रत्येक परंपरेने त्याला वेगळे नाव चिकटविले, किंवा जुन्याच नावाचा वेगळा अर्थ लावला.

पाली ग्रंथांत तो ‘चंड पज्जोत’ आहे. चंड म्हणजे तापट, उग्र, केव्हा भडकेल याचा नेम नसलेला. हे विशेषण त्याला कसे शोभत होते, याचा उत्तम पुरावा विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात आहे, आणि तो चक्क एका वैद्यकीय उपचाराच्या हकिकतीत येतो. राजाला कावीळ झाली. अनेक वैद्य थकले, तेव्हा त्याने बिंबिसाराकडे निरोप धाडून तक्षशिलेत शिकलेला विख्यात वैद्य जीवक याला बोलावून घेतले. जीवकाने तपासून सांगितले, तुपाचा काढा द्यावा लागेल. राजाला तुपाचा मनस्वी तिटकारा होता. तुपावाचून काय करायचे ते कर, असे त्याने बजावले.

जीवकापुढे पेच पडला. तुपावाचून रोग हटणार नव्हता, आणि तूप दिल्याचे कळले तर राजा जीव घेणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने नाना औषधी घालून तूप असे कढविले की त्याचा रंग, वास आणि चव काढ्यासारखी व्हावी. परंतु तूप पचू लागले की राजाला ढेकर येणार आणि ढेकरेने सारे बिंग फुटणार, हे तो जाणून होता. म्हणून त्याने आधीच राजाकडून एक आज्ञा मिळवली : औषधी मुळे खणण्यासाठी वैद्याला अवेळीही बाहेर जावे लागते, तेव्हा जीवक मागेल ते वाहन त्याला द्यावे आणि तो म्हणेल त्या वेशीतून त्याला जाऊ द्यावे. काढा पाजून तो थेट हत्तीशाळेत गेला आणि भद्रवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून नगराबाहेर पडला. ही हत्तीण दिवसाला पन्नास योजने चालत असे, असे ग्रंथ सांगतो. योजनाचे आजचे माप काहीही धरले तरी आकडा अशक्यच. पण त्या काळच्या उज्जयिनीकरांना वेगाचे वेड होते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

इकडे राजाला ढेकर आली. त्याने साठ योजने धावणाऱ्या काक नावाच्या दासाला मागे पाठविले आणि ताकीद दिली की वैद्य फार मायावी असतात, त्याच्या हातचे काही खाऊ नकोस. काकाने जीवकाला कौशांबीत न्याहारी करताना गाठले. जीवकाने नखाखाली औषध लपवून एक आवळा खाल्ला आणि अर्धा काकापुढे धरला. वैद्य स्वतः खातो आहे म्हणजे धोका नाही, असे समजून काकाने तो खाल्ला आणि पुढचा काही वेळ तो कोणाचाही पाठलाग करण्याच्या स्थितीत राहिला नाही. जीवकाने हत्तीण त्याच्या स्वाधीन केली आणि राजगृहाची वाट धरली. राजा मात्र बरा झाला. राग ओसरल्यावर त्याने जीवकाला शिवी देशाच्या उंची वस्त्रांची जोडी भेट पाठविली, जीवकाने ती बुद्धांना अर्पण केली.

या कथेत कोठेही राजाने कोणाला मारलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या नुसत्या नावाने भोवतालची माणसे कशी वागू लागली, एवढेच कथा दाखविते. वैद्य खरे बोलत नाही, औषध चोरून देतो, पळण्याची तयारी उपचाराआधी करतो. चंड हे नाव एकदा पडल्यावर राजाशी सरळ बोलणारा माणूस उज्जयिनीत उरला नव्हता, आणि याचे मोल राजालाच द्यावे लागले.

त्याच राजवाड्यातील दुसरी गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. वत्स देशाचा राजा उदयन याला हत्ती वश करण्याची विद्या अवगत होती. प्रद्योताने आत माणसे बसविलेला लाकडी हत्ती रानात सोडून त्याला पकडले. विद्या शिकवायची तर शिकणाऱ्याने मला वंदन केले पाहिजे, अशी उदयनाची अट होती, आणि कैद्यापुढे मान तुकविणे प्रद्योताला मान्य नव्हते. मग त्याने आपल्या कन्येला, वासवदत्तेला, शिकायला बसविले. मात्र दोघांमध्ये पडदा लावला. उदयनाला सांगितले, पलीकडे घरातली एक कुबडी बाई आहे. मुलीला सांगितले, पलीकडे एक कुष्ठरोगी आहे, त्याचे तोंड पाहू नकोस.

धडे सुरू झाले. एके दिवशी वासवदत्तेला मंत्र नीट म्हणता येईना. उदयनाचा संयम सुटला आणि त्याने तिला कुबडी म्हणून हिणविले. तीही राजाचीच मुलगी, बापाचा स्वभाव तिच्यात उतरलेला. तिने त्याला कुष्ठरोगी म्हणून प्रत्युत्तर दिले. दोघेही थबकले. पडदा बाजूला सारला गेला आणि दोन्ही खोटी नावे त्या क्षणी गळून पडली. पुढे दोघे पळून गेले ते भद्रवतिकेवर बसूनच. प्रद्योताच्या वेगवान वाहनाने त्याला पुन्हा दगा दिला. ही कथा अवंतीत किती रुजली होती, हे ‘मेघदूता’वरून कळते, तेथील खेड्यांतले वृद्ध उदयनाच्या कथा जाणणारे आहेत, असा उल्लेख कालिदासाने केला आहे.

राजदरबाराला अर्थातच ‘चंड’ हे नाव परवडणारे नव्हते. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकात प्रद्योताला ‘महासेन’ म्हटले आहे, आणि प्रचंड सैन्यामुळे हे नाव पडले असा खुलासाही तेथेच येतो. हे पदवीसारखे, सनदेत शोभावे असे नाव. पण लोकांच्या जिभेवरचे नाव काही हटेना. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचले तोवर दोन्ही नावे जोडली जाऊन ‘चंडमहासेन’ झाली होती, आणि तापटपणाची आठवण पुसणारी नवी कथाही तयार होती. त्या कथेत राजा चंडी देवीची आराधना करतो, स्वतःचे मांस कापून अग्नीत होमतो. देवी प्रसन्न होऊन खड्ग देते आणि असे चंड कर्म केल्याबद्दल तुला चंडमहासेन म्हणतील, असा वर देते. शब्द तोच राहिला. त्यामागची हकिकत तेवढी बदलली, आणि दोष होता तो भूषण झाला. वैमानिकांच्या मेजवान्यांतही हे घडत असणार : जुन्या फजितीवरून पडलेले नाव मुलाबाळांना सांगताना त्यात थोडे शौर्य मिसळले जाते.

जैन आवश्यक वाङ्मयातील प्रसंग मात्र असा सावरता येणारा नाही. सिंधु-सौवीर देशाचा राजा उदायन याच्या घरची दासी आणि महावीरांची चंदनी मूर्ती प्रद्योताने नलगिरी हत्तीवरून पळवून आणली. उदायनाने चालून येऊन त्याचा पराभव केला आणि त्याच्या कपाळावर ‘दासीपती’ ही अक्षरे डागविली. (हा उदायन वत्सराज उदयनाहून वेगळा.) परतीच्या वाटेवर पर्युषणाचा दिवस आला. आज राजाचा उपवास आहे, आपल्यासाठी काय रांधू, असे आचाऱ्याने कैद्याला विचारले. एरवी कोणी विचारीत नसताना आज विचारणा होते आहे, तेव्हा विषप्रयोगाचा बेत असावा, अशी शंका येऊन प्रद्योताने आपणही श्रावक असल्याचे सांगितले व उपवास धरला. हे ऐकून उदायन अस्वस्थ झाला. धर्मबंधूला बंदीत ठेवून क्षमापना कशी करायची? त्याने प्रद्योताला सोडले, राज्य परत दिले आणि कपाळावरची अक्षरे झाकण्यासाठी सोन्याचा पट्ट बांधला. राजांनी कपाळी सुवर्णपट्ट बांधण्याची रीत तेव्हापासून पडली, असे ही परंपरा सांगते. इतिहास म्हणून याचे मोल कमी असेल. पण राजचिन्हाचा उगम एका लाजिरवाण्या नावाला झाकण्यात शोधणाऱ्या कथाकाराची नजर तीक्ष्ण होती, यात वाद नाही.

उज्जयिनीच्या पुढच्या राजांनाही या नगराने सोडले नाही. जैन कालकाचार्य कथेतील राजा गर्दभिल्ल याचे नावच गाढवाशी जोडलेले आहे. त्याला गर्दभी विद्या साधली होती आणि त्या गाढवीचे ओरडणे ऐकणारा शत्रू गतप्राण होई. शेवटी धनुर्धरांनी तिचे तोंड बाणांनी भरून टाकले. विक्रमादित्य हा त्याचाच पुत्र, असे काही परंपरा मानतात. ‘मृच्छकटिक’ नाटकात राजा पालक याचा मेहुणा संस्थानक आहे. पण संस्थानक हे नाव कोणाला आठवते? ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारणारा तो ‘शकार’ म्हणूनच प्रेक्षकांच्या ध्यानात राहिला. द्रौपदीला रामाच्या भीतीने पळवणारे आणि हनुमानाकडून सुभद्रेचे हरण करविणारे त्याचे अगाध पुराणज्ञान देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे मराठी रसिकांनाही परिचित आहे. राजाचा ‘श्याल’ म्हणून तो जी मग्रुरी करतो, तिच्यामुळे ‘साला’ हा नातेवाचक शब्द शिवी का झाला असावा, याचाही थोडा अंदाज येतो.

अठराव्या शतकात उज्जैन शिंद्यांकडे आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. याच शिंदे घराण्याला एक हिणवणारी ओळख चिकटलेली होती : राणोजी हे बाजीराव पेशव्यांचे जोडे सांभाळणारे. ती कथा खरी किती आणि रचलेली किती, यावर मतभेद आहेत. महादजी शिंद्यांनी तिचे जे केले ते मात्र प्रद्योताच्या सुवर्णपट्टाच्या अगदी उलट होते. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद मिळवून १७९२ मध्ये ते पुण्यात आले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा सेनापती नव्हता. सवाई माधवरावांसमोर त्यांनी काखेतल्या बासनातून नवे जोडे काढले, पेशव्यांच्या पायातले काढून घेतले आणि हेच आपल्या वाडवडिलांचे काम, असे सांगितले, अशी हकिकत ग्रँट डफने नोंदविली आहे. स्वतःला ते ‘पाटील’ म्हणवीत. पुण्यातील मुत्सद्द्यांना यात नम्रतेपेक्षा डाव अधिक दिसला, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. ज्या नावाने हिणवायचे तेच त्यांनी भर दरबारात स्वतः उच्चारल्यावर विरोधकांच्या हाती फारसे काही उरले नाही.

आजच्या उज्जैनमध्ये दरवर्षी १ एप्रिलला टेपा संमेलन भरते. मालवी बोलीत टेपा म्हणजे भोळसट, बावळट माणूस. नगरातील आणि बाहेरची प्रतिष्ठित मंडळी त्या दिवशी व्यासपीठावर येतात ती टेपा म्हणवून घेण्यासाठी, आणि समोरची गर्दी त्यांना मनसोक्त हसते.