बाबांची ‘चेखी’

आमच्या घरी बाबांचा एक जुना फोटो आहे. कुलाबा जिल्ह्यातून इस्राएलला येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. नेगेवमधल्या मोशावात रात्रीची श्मिरा, म्हणजे राखणीची पाळी, आणि खांद्यावर लांब बंदूक. तिला सगळे ‘चेखी’ म्हणत. बाबा सांगत, तिच्या लोखंडावर एका जागी काहीतरी घासून काढलेलं होतं आणि शेजारी बारीक मागेन दावीद होता. पोलंडहून आलेले त्यांचे जोडीदार बंदूक घेताना त्या घासलेल्या जागेवर आधी अंगठा ठेवत. बाबांना वाटे, सवय असेल. आम्हीही कधी विचारलं नाही.

यंदा नातवाने विचारलं, तेव्हा आम्ही शोध घेतला.

ती जर्मन माउझर. 1939 मध्ये ब्रनो शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि तिथला कारखाना त्यांच्या सैन्यासाठी बंदुका बनवू लागला. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात अशा खूप उरल्या. 1948 साली, इतर देशांनी शस्त्रं द्यायचं बंद केलेलं असताना, तिथल्या सरकारने त्या आपल्याला विकल्या. पहिल्या 200 विमानाने आल्या. मग एप्रिलच्या सुरुवातीला ‘नोरा’ जहाजातून 4500 आल्या. वर कांदे-बटाटे, खाली बंदुका. काही दिवसांतच त्या यरुशलेमच्या वाटेवरच्या लढाईत होत्या. पुढे त्यांतल्या अनेकींच्या नळ्या बदलून त्या 7.62 मिलिमीटरच्या केल्या.

कित्येकींवर नाझींचा गरुड आणि स्वस्तिक होतं. घासलेली जागा ती. जोडीदारांना ते ठाऊक होतं. कोकणात यहुदी म्हणून बाबांना कोणी कधी त्रास दिला नव्हता, त्यांना कसं कळावं?

एक ठसा घासला, दुसरा मारला, आणि बंदूक आपली झाली. ती खांद्यावर घेऊन जागणाऱ्या आपल्या माणसांची मात्र 1962 पासून लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली. आपले लोक यरुशलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा कुठे 1964 मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचं जाहीर केलं.

तुमच्याही घरी असा फोटो असेल. वडीलधारे आहेत तोवर विचारून घ्या आणि मागे गाव, साल, नावं लिहून ठेवा. आम्हाला उशीर झाला.